लांब पल्ल्याची सायकलयात्रा : तयारी आणि तारतम्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येत्या हिवाळ्यात २०० किलोमीटरांच्या सायकल-ब्रेव्हेमध्ये आपल्या ज्ञातीतील अकरा तरुण-तरुणींनी भाग घ्यावयाचा, असे मंडळाच्या युवक शाखेने ठरविले आहे. आणि त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. आम्ही जेमतेम मॅट्रिक झालेले, आयुष्यभर प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेले शिक्षक. आम्ही व्यायामशास्त्राचे पंडित नव्हे आणि नामांकित सायकलपटू तर नव्हेच नव्हे. साठी उलटल्यावर ह्या छंदात पडून आम्ही जी ठेच खाल्ली, ती पुढच्यांनी खाऊ नये, इतकाच आमचा बोलण्याचा अधिकार. त्या ठेचेची हकीकतही आम्ही आज सांगणार आहोत, कारण तिचा थोडासा संबंध ह्या मंडळाशी पोहोचतो.

प्रथम ब्रेव्हे म्हणजे काय, ते समजून घेऊ. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ प्रमाणपत्र असा आहे. ठरावीक अंतर ठरावीक वेळेच्या आत, स्वतःच्या बळावर, सायकलीवरून पूर्ण करणारास हे प्रमाणपत्र मिळते. इटलीतील काही सायकलस्वारांनी १८९७ साली रोम ते नेपल्स हे अंतर एका दिवसाच्या उजेडात तोडले, तेव्हा त्यांच्या धाडसावरून 'ओडॅक्स' हे नाव रूढ झाले. पुढे १९०४ साली पॅरिसमध्ये ओडॅक्स क्लबची स्थापना झाली, आणि १९२१ पासून प्रत्येकाने आपापल्या गतीने जावे ह्या पद्धतीचे ब्रेव्हे सुरू झाले. आज जगभर चालणाऱ्या ब्रेव्हेंना मान्यता देण्याचे काम हाच क्लब करतो. भारतात ओडॅक्स इंडिया ही संस्था त्यांची व्यवस्था पाहते, आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथील मंडळी ह्यांत उत्साहाने भाग घेतात.

ह्या परंपरेतील सर्वांत मानाची यात्रा म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पुन्हा पॅरिसकडे येण्याची, सुमारे १,२०० किलोमीटरांची. ती प्रथम १८९१ साली शर्यत म्हणून झाली आणि शार्ल तेराँ ह्या फ्रेंच स्वाराने ती जिंकली. आज ती शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी ती होते, तिला ९० तासांची मुदत असते, आणि २०१९ व २०२३ साली आपल्या देशातूनही मोठ्या संख्येने स्वार तेथे गेले होते.

आता नियम पाहू. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २० तास, ४०० स २७ तास आणि ६०० स ४० तास अशी मुदत आहे. ही चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणारास 'सुपर रँडोनर' ही पदवी मिळते. मार्गावर ठरावीक ठिकाणी तपासणी नाकी असतात. तेथे वेळेच्या आत पोहोचून नोंद करावी लागते. वाटेत आपल्या घरची मोटार मागून आणता येत नाही. मदत घ्यावयाची ती नाक्यावरच. पंक्चर आपले आपण काढावयाचे. रात्री पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारे जाकीट असलेच पाहिजे. पुरुषांस व स्त्रियांस मुदत एकच. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नसतात. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांत आलेला, दोघांचे प्रमाणपत्र सारखेच.

हे शेवटचे वाक्य आमच्या तरुणांनी मनावर कोरून ठेवावे. ज्या यात्रेत क्रमांकच नाही, तीत दुसऱ्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावण्याचे कारण काय? तरीही पहाटे सहाच्या ठोक्याला पन्नास सायकली एकदम सुटतात तेव्हा भलेभले हे विसरतात. थंड हवा असते, पाय ताजे असतात, पुढचा जोरात जात असतो. पहिले तीस किलोमीटर आपणही उडतच जातो. त्या उड्डाणाचे देणे दुपारी दोन वाजता व्याजासकट फेडावे लागते. पंढरीच्या वाटेने दिंडी कशी चालते ते आठवावे. पहिल्या दिवशी कोणी धावत नाही, शेवटच्या दिवशी कोणी रेंगाळत नाही. ठरलेली चाल आणि ठरलेले विसावे. सायकलीवर जाताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच जोर लावावा. बोलताना धाप लागू लागली की गती कमी करावी. ह्याहून सोपे मोजमाप आम्हांस ठाऊक नाही.

आता शिक्षकाच्या सवयीप्रमाणे थोडे अंकगणित मांडतो. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी १५ किलोमीटरांपेक्षा किंचित कमी. पण ही सरासरी थांबण्यासकट आहे. सायकल चालत असताना ताशी २० ची गती राखली, तर चालविण्यास १० तास लागतात आणि साडेतीन तास हाती उरतात. गती १८ ची असेल, तर चालविण्यास ११ तास ७ मिनिटे लागतात आणि २ तास २३ मिनिटे उरतात. ह्यात चार ठिकाणी वीस-वीस मिनिटे थांबलात तर ८० मिनिटे गेली. एक पंक्चर झाले, २५ मिनिटे गेली. शिल्लक राहिली ३८ मिनिटे. आता ज्याने हॉटेलात मिसळ मागविली, तिची तर्री गार होण्याची वाट पाहिली, मग चहा घेतला, मग छायाचित्रे काढली, त्याने ही शिल्लक एका बैठकीत उडविली. तात्पर्य, लांब पल्ल्याच्या यात्रेत वेळ पायडलवर वाया जात नाही. तो चहाच्या टेबलावर वाया जातो. थांबण्यापूर्वी काय काय करावयाचे ते मनात ठरवावे, ते उरकावे आणि निघावे.

पूर्वतयारीविषयी. आमची शाळा घरापासून ११ किलोमीटरांवर होती आणि बावीस वर्षे आम्ही रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर सायकल चालविली. ह्या पुंजीवर आपण २०० सहज करू, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. रोजच्या २२ किलोमीटरांनी पाय तयार होतात, परंतु बैठक, पाठ, मान, मनगटे आणि पोट तयार होत नाहीत. दहा तास सायकलीवर बसणे हीच एक स्वतंत्र विद्या आहे.

तेव्हा तीन महिने आधी आरंभ करावा. आठवड्यातून तीन दिवस तासभर आणि रविवारी लांबची फेरी, एवढे नोकरीधंदा करणारासही जमते. पहिल्या रविवारी ४० किलोमीटर. पुढे दर आठवड्यास थोडे थोडे वाढवावे. दर चौथ्या आठवड्यास अंतर कमी करून शरीरास उसंत द्यावी; कारण बळ व्यायाम करताना वाढत नसून व्यायामानंतरच्या विश्रांतीत वाढते. ब्रेव्हेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा १३० ते १४० किलोमीटरांची फेरी झाली म्हणजे २०० ची भीती जाते. शेवटच्या आठवड्यात मात्र हलकी फिरती सोडून काही करू नये. वर्षभर अभ्यास न करता परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी आणि शेवटच्या आठवड्यात शंभर किलोमीटर मारणारा सायकलस्वार, दोघांची गत एकच.

ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे, किंवा ज्यांस रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे वा घराण्यात आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. वाटेत छातीत दुखणे, डावा हात वा जबडा भरून येणे, चक्कर येणे ह्यांपैकी काही झाल्यास त्याच जागी उतरावे आणि मदत मागवावी. येथे धीर दाखवू नये.

सायकल भारी किमतीचीच हवी, हा भ्रम आहे. माणसाच्या बळावर चालणारी, नीट देखभाल केलेली आणि आपल्या मापाची सायकल हवी. माप मात्र काटेकोर पाहावे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली असता, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते, फार वर असेल तर मागच्या बाजूस. बैठकीसाठी गादीची चड्डी मिळते. तिच्या आत दुसरे वस्त्र घालू नये, शिवण रुतून कातडी सोलते. हातांची बोटे बधिर होऊ नयेत म्हणून हँडलवरील पकड वरचेवर बदलावी. चढावर जड गिअर दाबीत उभे राहण्यापेक्षा हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत. गुडघे एकदाच मिळतात.

बरोबर दोन नव्या ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, हवा भरण्याचा पंप, ठिगळांची डबी आणि षट्कोनी चाव्यांचा जुडगा असावा. आणि हे सर्व वापरता आले पाहिजे. घरी अंगणात पाच वेळा चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव करावा. त्यांतील एकदा तरी अंधारात. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून बाभळीचा काटा वा काच राहिली नाही ना, हे पाहावे. हे न पाहिल्यामुळे दहा मिनिटांत दुसरी ट्यूब गमावलेले स्वार आम्ही पाहिले आहेत. त्यांत एक आम्ही स्वतः.

आता पोटाकडे येऊ. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण जणू ह्याच यात्रेसाठी निघाली आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो तो नेटाने श्रम केल्यास दीड-दोन तासांत आटत येतो. तो संपला म्हणजे पाय शिशाचे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मनात निराशा दाटते. पुष्कळांस वाटते की आपला निश्चय खचला. निश्चय खचलेला नसतो, साखर संपलेली असते! म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून खावे. दर तासास एक केळे आणि चिक्कीचा एक लहान तुकडा, हे सामान्य माणसास पुरते. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाची दशमी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, हे आपले घरचे पदार्थ उत्तम आहेत. दुपारी दहीभात चांगला. तळलेले आणि तिखट पदार्थ संध्याकाळी घरी येऊन खावेत. आणि जे सरावात खाल्ले नाही ते त्या दिवशी प्रथमच खाऊन पाहू नये.

पाणी ऊन पाहून तासास अर्धा ते पाऊण लिटर, घोटघोट प्यावे. नुसतेच पाणी ढसाढसा पिणेही घातक आहे. घामावाटे मीठ जाते, आणि वर पाणीच पाणी झाल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरून मळमळ व गुंगी येते. एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत लिंबू, साखर व मीठ घातलेले पाणी, अशी विभागणी करावी. लघवी फार पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

रस्त्याविषयी दोन शब्द. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलीस बंदी आहे; तेव्हा मार्ग नीट पाहून ठेवावा. दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारीत जाऊ नये. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून न धरता दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. वळण सुरू होण्यापूर्वीच गती कमी करावी. हिवाळ्यात आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम असतो, आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेस उभ्या असतात. अंधारात आपल्या दिव्याचा उजेड जेथवर पडतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकीच गती असावी. शिरस्त्राण डोक्यावर हवे. पिशवीत ठेवलेले शिरस्त्राण पिशवीचेच रक्षण करते.

आमच्या अकराजणांत चार मुली आहेत, ह्याचा आम्हांस विशेष आनंद आहे. त्यांच्या मातापित्यांस आम्ही सांगू इच्छितो की, रात्री-बेरात्रीची काळजी योग्य आहे, पण तिचे उत्तर घरी बसविणे हे नसून तयारी करणे हे आहे. दोघी-तिघींनी मिळून जावे. मार्गावर स्वच्छ प्रसाधनगृह असलेले पेट्रोल पंप आधी फिरून हेरून ठेवावेत. ही सोय नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांचे पाय थकले नव्हते, पाणीच आटले होते.

आता ती हकीकत.

वयाच्या साठाव्या वर्षी, २०१८ साली, आम्ही २०० किलोमीटरांचा पहिला ब्रेव्हे १२ तास ५५ मिनिटांत पूर्ण केला. आनंद गगनात मावेना. पुढच्या वर्षी ३०० चा संकल्प सोडला. त्याच सुमारास आमची एकसष्टी होती. मंडळींनी प्रेमाने सत्कार योजिला, आणि निमंत्रणपत्रिकेवर आमच्या नावामागे '३०० किलोमीटर सायकलयात्रा पूर्ण केल्याबद्दल' असे छापून टाकले. ब्रेव्हे शनिवारी होता आणि सत्कार पुढच्या रविवारी. पत्रिका आठवडाभर आधीच घरोघरी पोहोचल्या होत्या. आम्हीही हरकत घेतली नाही; खरे सांगावयाचे तर त्या पत्रिकेची एक प्रत आम्ही खिशात बाळगली होती.

आदल्या रात्री सत्काराच्या उत्तराचे भाषण जुळवीत आम्ही बारा वाजेतो जागलो आणि साडेतीनला उठलो. सकाळी सहाला निघालो. दुपारच्या उन्हात पोट बिघडले, दोनदा वांती झाली, नंतर अन्न जाईना. संध्याकाळी साडेसातला २१० किलोमीटरांच्या नाक्यावर पोहोचलो. ते नाके आठला बंद व्हावयाचे होते. म्हणजे गाडी अजून वेळेत होती. नाक्यावरील एका तरुण कार्यकर्त्याने आमच्याकडे पाहून म्हटले, "सर, बरं दिसत नाही तुमचं. इथं थांबा, आम्ही गाडीतून नेतो." त्या मुलाचे शब्द शहाणपणाचे होते. आम्ही शिक्षक, आयुष्यभर दुसऱ्यास 'ऐका' म्हणून सांगत आलो, पण ऐकले नाही. डोळ्यांपुढे पत्रिका होती. छापलेले खोटे कसे ठरवावयाचे?

पुढे तीस किलोमीटर गेलो. रात्रीचे दहा वाजले असतील. मध्यंतरीच्या दहा मिनिटांचे आम्हांस काहीच आठवत नाही. आठवते ते एवढेच की, सायकल रस्त्याच्या कडेवरून खाली गेली आणि आम्ही एका चारीत पडलो. आम्ही बसल्या बैठकीस झोपलो होतो. गळ्याजवळचे हाड मोडले. डावीकडे गेलो म्हणून चारी मिळाली. उजवीकडे गेलो असतो तर मालमोटारी होत्या.

तो सत्कार अर्थातच झाला नाही. रुग्णालयात आमच्या सौभाग्यवतींनी खिशातील ती पत्रिका काढून वाचली, घडी घातली आणि एवढेच म्हणाल्या, "हे पुरं करायला गेला होतात होय!" आम्ही भिंतीकडे तोंड केले.

बंधुभगिनींनो, ह्यात मंडळास दोष द्यावयाचा नाही. पत्रिका प्रेमाने छापली होती. दोष आमच्या अहंकाराचा. परंतु अकरा तरुणांच्या खिशांत तशीच पत्रिका जाऊ नये, एवढ्यासाठी हे आज ह्या व्यासपीठावरून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटले. लांब पल्ल्याच्या यात्रेत सर्वांत अवघड विद्या कोणती, असे विचाराल तर आम्ही सांगू की, योग्य वेळी मागे फिरणे. शीर सलामत तर पगड्या पचास. ब्रेव्हे पुढच्या महिन्यात पुन्हा असतो.

हाड जुळले, पुन्हा सराव सुरू केला, आणि २०२१ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा ३०० ला निघालो. १६० किलोमीटरांवर समोरचा वारा आणि पोटातील मळमळ, दोन्ही वाढली. ह्या वेळी आम्ही आयोजकांस दूरध्वनीवरून कळविले, पत्रिका परत केली, वाटेवरील एका धाब्यावर दोन तास झोपलो आणि एस. टी.ने घरी आलो. त्या रात्री जशी झोप लागली तशी एखादा ब्रेव्हे पूर्ण करूनही लागली नव्हती. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत तेच ३०० किलोमीटर १८ तास ५० मिनिटांत पूर्ण झाले. मधला १६० किलोमीटरांचा धडा गिरविला नसता, तर हा तिसरा दिवस उजाडला नसता, अशी आमची खात्री आहे.

मोठमोठ्या यात्रांतही असेच घडत आले आहे. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. साडेचार वर्षांनी, १९२८ साली, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पूर्ण करून परतले. उरलेल्या तिघांची यात्रा मध्येच थांबली. पण निघताना ते सहाजण होते, हे विसरून चालणार नाही. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि २०१७ साली डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत स्वाराच्या मागे सहकाऱ्यांचा ताफा असतो. स्वाराने केव्हा खावे आणि केव्हा झोपावे हे ते सांगतात. ब्रेव्हेत तो ताफा नसतो. तेथे स्वतःस 'पुरे' म्हणणारा माणूस आपणच व्हावे लागते.

म्हणून आमच्या तरुणांस आम्ही घरून निघण्यापूर्वीच चार गोष्टी कागदावर लिहून ठेवावयास सांगतो. दोन तास अन्न पोटात ठरले नाही तर थांबेन. डोळा एकदा जरी मिटला तरी त्याच क्षणी उतरेन आणि सुरक्षित जागी वीस मिनिटे झोपेन. डोक्यावर आपटलो तर पुढे जाणार नाही. सोडून द्यावयाचे ठरले तर प्रथम आयोजकांस आणि मग घरी कळवीन. ताज्या डोक्याने लिहिलेला हा कागद थकलेल्या डोक्याने फाडू नये. त्याचप्रमाणे यात्रा पूर्ण झाल्यावर लगेच मोटारसायकल वा मोटार हाकीत घरी येऊ नये. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत तेथे अनेकांची होते. आधी झोपावे, किंवा कोणासतरी न्यावयास बोलवावे.

आणि मंडळास, म्हणजे आपणा सर्वांस, आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, यात्रेपूर्वी कोणाचेही नाव फलकावर वा पत्रिकेवर छापू नये. दुसरी, त्या दिवशी एक वाहन आणि एक जागा माणूस फोनजवळ तयार ठेवावा; मार्गावर मदत नेण्यासाठी नव्हे, तर जो सोडून देईल त्यास सुखरूप घरी आणण्यासाठी. तिसरी, पुढच्या स्नेहसंमेलनात सत्कार करावयाचा असेल तर अकराही जणांचा करावा. ज्याने २०० पूर्ण केले त्याचाही, आणि ज्याने १४० वर शहाणपणाने ब्रेक दाबला त्याचाही. 'काय, राहिलं का अर्धवट?' असा प्रश्न त्यास कोणी विचारू नये. त्या एका प्रश्नाच्या भीतीने माणूस चारीत जातो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

मुलांनो, पहाटे निघाल तेव्हा थंडी असेल, रस्ता मोकळा असेल, पूर्वेकडे हळूहळू तांबडे फुटेल. तुम्ही सावकाश जा, वेळेवर खा, घोटघोट पाणी प्या, आणि दोन्ही बाजूंची शेते पाहत पाहत जा. परत केव्हाही आलात, कितीही अंतरावरून आलात, तरी ह्या सभागृहातील प्रत्येक दार तुम्हांस उघडे आहे, असे आम्ही आपल्या सर्वांच्या वतीने सांगतो.